सगळं ‘बने’ असलेला वॉर्ड

मी नर्स कशी होती ते दुसऱ्यानं सांगावं, पण मी स्वतःले भल्लीच चांगली समजत होती, यात काही वाद नाही.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा होऊन राहिला होता. जिकडे पाहाल तिकडे लाल मुरूम, क्रेन अन् टीनचे पत्रे. आमचं हॉस्पिटलही टीनचंच. मजुरांच्या कॅम्पाजवळ दोन लांब बराकी, एक बायांची अन् एक माणसांची. मोठं पक्कं हॉस्पिटल म्हणतात ते अजून नकाशातच होतं. बायांच्या बराकीत मी स्टाफ नर्स. आमची वरची सिस्टर लग्न करून दुसऱ्या गावी गेली, अन् तिची जागा भरेपर्यंत वॉर्डाचा कारभार माझ्या हाती आला. कारभार हाती काय आला, मी अशी फुगली की विचारू नका.

माझ्या वॉर्डात खाटांची सगळी चाकं एका दिशेनं वळलेली. उशीच्या खोळीचं तोंड दरवाज्याकडे दिसलं तर त्या दिवशी ड्युटीवरच्या पोट्टीचं काही खरं नाही. डॉक्टर साहेबांच्या राऊंडच्या आधी प्रत्येक पेशंट सरळ उताणी, चादर छातीपर्यंत ताणलेली, अन् दोन्ही हात चादरीच्या आत. "हात अंदर!" असं मी दारातून एकदा ओरडली की सगळ्या बाया हात आत घ्यायच्या. पुढे पुढे तर मी नुसती खाकरली तरी घ्यायच्या. राऊंडच्या आधी तासभर बेडपॅन बंद. वॉर्डात वास नको, धावपळ नको. ज्या बाईले जायचं असेल तिनं आधी विचार करावा, असं माझं स्पष्ट मत. माणसाच्या आतड्यांनीसुद्धा माझं वेळापत्रक पाळलं पाहिजे, इतकी मी शिस्तीची.

हा तोरा कुठून आला म्हणाल, तर थोडा बापाकडून. आमचा बाप रेल्वेत गँगमन, गाव भंडाऱ्याकडचं. मी नर्सिंग शिकून राहिली होती तेव्हा त्यानं नागपूरले दीक्षा घेतली. घरी येऊन आम्हा बहिणींले ओळीनं बसवलं अन् म्हणाला, "आता कोणापुढे वाकायचं नाही, समजलं?" मले चांगलंच समजलं. फक्त मी त्यात आपल्या पदरची थोडी भर घातली, की आपण तर वाकायचं नाहीच, पण बाकीच्यांनी आपल्यापुढे वाकायचं. बाप असं बोलला नव्हता. तो बिचारा गावच्या मालगुजाराबद्दल बोलून राहिला होता. मी ते टायफॉइडच्या पेशंटपर्यंत नेलं.

पेशंट बहुतेक छत्तीसगढी. कोणी मजुराची बायको, कोणी स्वतःच रेजा, म्हणजे डोक्यावर गिट्टीचं टोपलं वाहणारी मजूर बाई. सकाळी मी खाटेपाशी जाऊन विचारायची, "कैसी हो?" उत्तर ठरलेलं. "बने हंव, बाई." बने म्हणजे ठीक, छान. ताप फणफणलेला आहे, तरी बने. टाके ओले आहेत, तरी बने. आपल्याकडे कोणी "कसं काय?" विचारलं तर आपण "बरं चालू आहे" म्हणतो, मंग घरात चूल पेटलेली असो की नसो. तसंच त्यांचं ते. बोलायची रीत. खरं काय ते त्याच्यापुढे विचारायचं असते. पण मी पुढे कशाले विचारू? मले वाटे, या बाया माझ्या हाताखाली खरंच मजेत आहेत. मी रोज सकाळी वॉर्डभर ‘बने’ गोळा करत फिरायची अन् शेवटच्या खाटेपर्यंत माझी मान चांगली ताठ होऊन जायची.

माझ्या हाताखाली केरळच्या दोन पोट्ट्या होत्या. कामाले चपळ, पण माझ्यापुढे त्यांची दातखीळ बसायची. "यस सिस्टर" सोडून दुसरा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी समजून बसली की यांले हिंदी येत नाही.

एक दिवस मेट्रन मॅडमनं मले त्यांच्या खोलीत बोलावलं. मॅडम जबलपूरकडच्या, बारीक, शांत, चष्म्यावरून पाहणाऱ्या. वॉर्डाची कायमची इन-चार्ज नेमायची होती. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाली. त्यांनी विचारलं, "तुम खुद बताओ. तुम में क्या अच्छा है, और क्या कमी है?"

चांगलं काय ते मी सांगत सुटली. वॉर्ड कसा चकचकीत, आवाज कसा नाही, तक्रार कशी एकही नाही, पोट्ट्या कशा सरळ केल्या, डॉक्टर साहेब दुसऱ्या वॉर्डाले माझ्या वॉर्डाचं उदाहरण कसं देतात. मॅडमनं मधेच खिडकीबाहेर पाहून घेतलं. मंग म्हणाल्या, "और कमी?"

मी विचार केल्यासारखं तोंड केलं. "कमी एकच, मॅडम. मैं अपनी तबियत का खयाल नहीं रखती. काम में ही लगी रहती हूँ."

हे मी खरोखर बोलली हो! आज आठवलं तरी एकटीच पोट धरून हसते. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "फिर से सोचो," म्हणाल्या, "अगले हफ्ते बताना." बाहेर येता येता मी विचार केला, या बाईले माझा हेवा वाटून राहिला. ती जागा मले त्या वर्षी मिळाली नाही. पुढे मिळाली. अन् कावून उशिरा मिळाली, तेच आता सांगते.

पुढचा हफ्ता उजाडला अन् मले मलेरियानं धरलं. तबियत का खयाल नहीं रखती म्हटलं होतं ना, घे आता! नर्सांची राहायची बराक दिवसा रिकामी, पाहायले कोणी नाही, म्हणून डॉक्टर साहेबांनी मले माझ्याच वॉर्डात भरती केलं. कोपऱ्यातली खाट. सुरुवातीचे दिवस मी कुठं आहे तेही मले कळलं नाही. ताप उतरून शुद्धीवर आली तेव्हा सकाळ होती. डोकं ठणकून राहिलं होतं, कानात क्विनाइनची घूं घूं, अंगात हॉस्पिटलचा ढगळ झगा. डोक्यावर टोपी नाही, कमरेले पट्टा नाही. कोणीतरी तेल थापून माझ्या दोन वेण्या घातल्या होत्या. अशी बाई माझ्या वॉर्डात दिसली असती तर मीच तिच्यावर पहिली खेकसली असती.

अन् मले बेडपॅन पाहिजे होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. राऊंडची वेळ जवळ आलेली, म्हणजे बेडपॅन बंद.

तेवढ्यात केरळची एक पोट्टी आली. माझ्या कानाशी वाकून चांगल्या स्वच्छ हिंदीत म्हणाली, "सिस्टर, अब कैसा लग रहा है?"

"ठीक है," मी म्हटलं.

बाप्पा! हे माझ्या तोंडून निघालं कसं? डोकं फुटून राहिलं होतं, पोट तटतटलं होतं, अन् मी म्हणते ठीक है! पण मागू कशी? मागितलं अन् तिनं नाही म्हटलं तर? अन् हो म्हटलं तर उद्यापासून माझा काय धाक राहील? तिनं माझी चादर छातीपर्यंत ताणली, माझे दोन्ही हात धरून आत सारले, अन् गेली पुढच्या खाटेकडे. किती सफाईदार काम! मीच शिकवलं होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक नवी बाई होती. मी तापात होती तेव्हा आलेली. कुम्हारीजवळच्या गावची रेजा, तिशीच्या आतबाहेरची. टोपलं घेऊन फळीवरून चढताना घसरून पडली, उजव्या हाताचं हाड मोडलं. कोपराच्याही वरपर्यंत प्लास्टर, असं तिनंच सांगितलं, कारण हात चादरीच्या आत होता. नवरा नाही, दोन लहान पोरी कॅम्पात शेजारणीकडे ठेवलेल्या. तिनं मले कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्यासाठी मलेरियाची कोणीतरी बाई.

"सुन, बहिनी," ती माझ्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "डागदर साहेब पूछही त बने हंव कहिबे. इहां एक झन बड़े बाई हे. बहुत चिल्लाथे."

डॉक्टरनं विचारलं तर बने म्हण, इथली मोठी बाई फार ओरडते! समोरच्या खाटेवरच्या म्हातारीले एकदम खोकला सुटला. ती जुनी पेशंट, मले चांगली ओळखत होती.

"अच्छा?" मी म्हटलं.

"हव. अभी बीमार हे." तिनं आवाज आणखी बारीक केला. "भगवान करय, अउ थोकिन दिन बीमार रहय."

देव करो अन् ती आणखी थोडे दिवस आजारीच राहो! आता म्हातारीच्या शेजारणीलेही खोकला आला, तिच्या शेजारणीलेही आला. सगळ्या जुन्या बाया खोकून खोकून हिले सांगून राहिल्या होत्या अन् हिचं लक्षच नाही. खरं तर मी गप्प बसायले पाहिजे होतं. पण आपल्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकायची खाज कोणाले सुटत नाही?

"दिखने में कैसी है?"

"मैं नई देखे हंव," ती म्हणाली. "सब कहिथें, भैंसी असन हे."

म्हशीसारखी. खोकला एकदम बंद झाला. वॉर्डात इतकी शांतता मी आपल्या धाकानंही कधी आणली नव्हती.

माझा घसा कोरडा पडला होता. तिले म्हटलं, जरा पाणी दे. तिनं डाव्या हातानं गिलास उचलला, अर्धं पाणी माझ्या गळ्यावर सांडलं. तेव्हा मी तिचा चेहरा नीट पाहिला. कपाळावर घामाचे थेंब, खालचा ओठ चावून चावून सोललेला. म्हशीसारखी असेन, पण नर्स होती मी. असा चेहरा मले कळतो.

"हाथ दुखता है?"

"नहीं, बने हे." माझ्याकडे न पाहता पटकन म्हणाली.

"दिखा."

"नहीं नहीं! राऊंड हो जावन दे. हाथ बाहिर निकालहूं त बड़े बाई के मनखे मन चिल्लाहीं. मोर नाव काट दिही. फेर कहां जाहूं?"

हात बाहेर दिसला तर बड़े बाईची माणसं ओरडतील, नाव काटतील, म्हणजे हॉस्पिटलातून काढून देतील. मी आजवर कोणाले काढलं नव्हतं. पण "जास्त नखरे करशील तर घरी पाठवते" हे वाक्य मी दिवसातून कितीदा फेकत होती ते मलेच माहीत. माझ्या दृष्टीनं ती गंमत होती. मी हात लांब करून तिची चादर ओढली.

प्लास्टरमधून बाहेर आलेली तिची बोटं वांग्यासारखी फुगली होती, अन् रंगही जवळजवळ तसाच. मी एक नख दाबलं. दाबलं की पांढरं व्हावं, सोडलं की गुलाबी. काही म्हणता काही झालं नाही. बोट गार. "हिलाओ," म्हटलं, तर हलेना. मी स्वतः ते जरासं सरळ केलं तशी तिच्या डोळ्यातून पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही. हाताले सूज आली होती अन् प्लास्टर आवळून राहिलं होतं, रक्त बोटांपर्यंत पोचत नव्हतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर हात जन्माचा निकामी. अन् एका हातानं टोपलं डोक्यावर चढत नाही. दोन पोरींनी मंग काय खायचं?

माझ्या वॉर्डात हे झालं होतं. पोट्ट्यांनी विचारलंही असेल, हाथ कैसा है. ती म्हणाली असेल, बने. अन् बोटं पाहायची कोणाची छाती होती? चादर तर ताणलेली!

"डॉक्टर साहब!" मी अशी ओरडली की पत्रे दणाणले. "प्लास्टर काटो इसका!"

आवाज ऐकला अन् त्या बाईले कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मंग समोरच्या म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं मान हलवली. रेजाची पाचावर धारण बसली.

डॉक्टर साहेब राऊंडले निघालेच होते, धावत आले. डॉक्टरकीत नवेच होते, तरुण, बंगाली. प्लास्टर त्यांनीच घातलं होतं. मी खाटेवरून उतरून झग्यातच उभी, पाय लटलटून राहिलेले, डोळे लाल. त्यांले वाटलं, सिस्टरच्या डोक्यात ताप गेला. "आप लेट जाइए," म्हणाले. मंग त्या बाईकडे वळले. "दर्द है?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बने हंव, साहब."

"सुन्न लगता है?"

"बने हे."

"देखिए सिस्टर, सूजन तो थोड़ी आती ही है. इसको तकलीफ नहीं है. अभी खोलेंगे तो हड्डी हिल जाएगी. शाम को देखते हैं."

"शाम को हाथ नहीं रहेगा!" मी त्या बाईवर वाकली. "सच बोल! दुखता है ना? बोल! बोलती क्यों नहीं?"

मी जितकी ओरडली तितकी ती आक्रसत गेली. "बने हंव, बड़े बाई! बने हंव! बने हंव!" हात जोडायले गेली, पण एकच हात वर आला. मले त्या क्षणी स्वतःची अशी चीड आली की काय सांगू. तिचा हात वाचवायचा होता, अन् तिचं तोंड बंद करणारी मीच तिच्या उरावर उभी होती.

पुढे जे झालं ते मी अक्कल लढवून केलं, असं सांगायले मले फार आवडलं असतं. पण नाही. माझे पाय गेले. मी दोन खाटांच्या मधे जमिनीवर फतकल मारून बसली अन् मले रडू फुटलं. रडता रडता म्हटलं, "डॉक्टर साहब, मैं बने नहीं हूँ. मेरा सिर फट रहा है. कान में भोंगा बज रहा है. और मुझे बेडपॅन चाहिए. सुबह से चाहिए. मेरे से अब नहीं रुकता!"

डॉक्टर साहेब छताकडे पाहायले लागले. केरळची पोट्टी पुढे आली, हात मागे बांधून, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "लेकिन सिस्टर, राऊंड टाइम में बेडपॅन बंद है."

पोट्टी खोचक नव्हती बोलत. मनापासून नियम पाळून राहिली होती. आधी समोरची म्हातारी फिसकन हसली. मंग तिची शेजारीण. मंग काय विचारता, खाटा हलायले लागल्या, कोणी टाके धरून हसते, कोणी उशीत तोंड खुपसून हसते. माझ्या शेजारची रेजाही हसली. बड़े बाई जमिनीवर बसून बेडपॅनसाठी रडून राहिली, हे पाहून कोण हसणार नाही? ती हसली, आणखी हसली, अन् हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं.

"साहब," ती म्हणाली, "मोर हाथ पिराथे. कालि ले पिराथे. बहुत पिराथे, साहब."

दुखतं. कालपासून दुखतं. मंग मात्र डॉक्टर साहेबांनी वेळ घालवला नाही. कात्री मागवली अन् प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरलं, आतला कापूसही कापला. बेडपॅन मले मिळालं, पडद्यामागे, त्याची तुम्ही काळजी करू नका. परत आली तेव्हा मी आपल्या खाटेवर गेलीच नाही. तिच्या खाटेपाशी खाली बसली अन् तिचा हात उशीवर उंच धरून ठेवला.

रक्त परत यायले लागलं तशी कळ अशी आली की ती बाई किंचाळली. अन् तिनं मले शिव्या द्यायले सुरुवात केली. "रोगही! छोड़ मोर हाथ, रोगही!" रोगही म्हणजे रोगानं भरलेली मेली. मले त्या वॉर्डात तोंडावर कोणी काही म्हणायची ही पहिली वेळ. मी म्हटलं, दे, आणखी दे. पण हात सोडला नाही. थोड्या वेळानं दम लागून ती थांबली अन् तिनं विचारलं, "मोर हाथ बांच जाही न?"

हात वाचेल ना? माझ्या जिभेवर आलंच होतं, हो हो, सगळं ठीक होईल, चूप पड. तेच मी सगळ्यांले सांगत आली होती.

"मालूम नहीं, बाई," मी म्हटलं. "मुझे भी डर लग रहा है."

दुसऱ्या हातानं तिनं माझी वेणी घट्ट धरून ठेवली.

हळूहळू बाया आपापल्या खाटेवरून उतरून आमच्याभोवती जमल्या. कोणी म्हणे नख आता बरं दिसते, कोणी म्हणे नाही. तेवढ्यात मेट्रन मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. चादरी खाली लोंबलेल्या, खाटा वाकड्यातिकड्या, उशा कुठंच्या कुठं, जमिनीवर प्लास्टरचा चुरा, अन् त्यांची होणारी इन-चार्ज झगा घालून जमिनीवर, वेणी रेजाच्या मुठीत.

"ये सब क्या है?" त्यांनी विचारलं.

सगळ्या बाया बाजूले सरकल्या. मी उठली नाही. मी बोटं पाहून राहिली होती. करंगळी हलल्यासारखी वाटली. मले वाटलं, माझेच डोळे फिरून राहिले. पण मंग ती पुन्हा हलली, जराशी, उशीवर.

रेजानं माझी वेणी जोरात ओढली.

"देख!" ती ओरडली. "देख न, रोगही, हालथे!"